अकरा पावलांची चिठ्ठी: संरक्षणमंत्री आणि दलप्रमुखांना खुलं पत्र

सातारा,
१६ डिसेंबर २०२५, विजय दिवस

मा. संरक्षणमंत्री, मा. संरक्षण दलप्रमुख, आणि लष्कर, नौदल व हवाईदलाचे मा. प्रमुख यांस,

जय हिंद, साहेब.

मी सातारा तालुक्यातला निवृत्त नायब सुभेदार. १९८८ ला भरती झालो, जबलपूरला रंगरूट म्हणून घासून निघालो आणि पुढं अठ्ठावीस वर्षं सिग्नल्समध्ये, म्हणजे लष्कराच्या निरोप-संपर्काच्या शाखेत, काढली. आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत असतो. अपशिंग्याच्या तर नावालाच 'मिलिटरी' चिकटलंय; पहिल्या महायुद्धात त्या एका गावची ४६ माणसं परत आली नाहीत. त्यामुळं इकडं पारावर संरक्षण खात्याची बातमी उसाच्या दराइतकीच बारकाईनं वाचली जाते.

आज सकाळी आम्ही माजी सैनिक हार घालायला जमलो होतो. हार झाला, दोन मिनिटं उभं राहून झालं, चहा आला. आमच्यातले एक म्हातारे हवालदार आहेत, ७१ ला पूर्वेकडं होते. ते मला म्हणाले, "काय ओ साहेब, ते सुधारणा वर्ष पंधरा दिवसांत संपतंय. थिएटर कमांडचं काय झालं?" मी सिग्नलवाला, म्हणजे सगळे निरोप माझ्याकडं येत असणार अशी त्यांची समजूत. माझ्याकडं उत्तर नव्हतं. ज्यांच्याकडं असायला पाहिजे त्यांना विचारतोय, आणि उघड्यावर विचारतोय, कारण चहाच्या कपाभोवती उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांचाच तो प्रश्न होता.

२०२५ हे सुधारणांचं वर्ष, असं मंत्रालयानंच १ जानेवारीला जाहीर केलं होतं. नऊ बाबी ठरल्या. तिन्ही दलांची एकजूट वाढवायची आणि एकात्मिक थिएटर कमांडची वाट मोकळी करायची, हे त्यात होतं. मग ऑगस्टात मध्य प्रदेशातल्या महूला 'रण संवाद' ही तिन्ही दलांची परिषद झाली. तिथं हवाईदलप्रमुखांनी घाई नको असं सांगितलं आणि दिल्लीत संयुक्त नियोजनाचं एक केंद्र असावं असं सुचवलं. नौदलप्रमुख थिएटर कमांडच्या बाजूनं बोलले. मतभेद आहेत, ते देशाच्या हिताचं बघून मिटवू, असा संरक्षण दलप्रमुखांचा सूर होता. ते ऐकून मला बरंच वाटलं होतं, मनातलं उघड बोलले म्हणून. पण डिसेंबर उजाडला तरी आमच्यापर्यंत पुढचा निरोप नाही.

हे पत्र फौजेबाहेरचे लोकही वाचतील, म्हणून थोडक्यात सांगतो. आपल्याकडं एकेका दलाच्या मिळून सतरा कमांड आहेत: लष्कराच्या सात, हवाईदलाच्या सात, नौदलाच्या तीन. पूर्वेकडं काही झालं तर लष्कराचं मुख्यालय कोलकात्यात, हवाईदलाचं शिलाँगला, नौदलाचं विशाखापट्टणमला. आपल्या बाजूचं बघा. लष्कर पुण्याला, हवाईदलाची दक्षिण-पश्चिम कमांड गांधीनगरला, नौदल मुंबईत. तिघांच्या हद्दी एकमेकींवर नीट बसत नाहीत. एकाच मोर्चाबद्दल तीन ठिकाणी तीन साहेब तीन नकाशांवर विचार करतात. थिएटर कमांड म्हणजे त्या मोर्चाचा एक सेनापती आणि त्याच्या हाताखाली तिन्ही दलं. अंदमान-निकोबारला अशी कमांड २००१ पासून आहे. मुख्य भूमीवर अजून नाही.

आता माझं स्वतःचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय मी एवढा का पेटलोय ते कळायचं नाही.

पंधरा-एक वर्षांपूर्वी राजस्थानात एक मोठा सराव होता. युनिटचं, फॉर्मेशनचं नाव लिहीत नाही. एका मोठ्या तंबूत दोन टेबलं. एका टेबलावर आमचे लोक, दुसऱ्यावर हवाईदलाचे. दोन्हीकडं कॉम्प्युटर, दोन्हीकडं दिव्यांची लखलख, बाहेर जनरेटरची घरघर. आमच्या बाजूला शिवाय नकाशा, त्यावर टाल्क, म्हणजे पारदर्शक कागद, त्यावर चायनाग्राफ पेन्सिलीच्या लाल-निळ्या खुणा. पुढच्या कंपनीनं शत्रूचा तळ पाहिला की त्याचं ठिकाण रेडिओवरून आमच्याकडं यायचं, आमच्या स्क्रीनवर चढायचं. तिथून ते हवाईदलाच्या टेबलावर जायला हवं. कसं जायचं? मी कागदाच्या चिठ्ठीवर लिहायचो, उठायचो आणि नेऊन द्यायचो. तीन दिवसांत इतक्या फेऱ्या झाल्या की पावलं मोजून झाली. अकरा. लष्कर आणि हवाईदल यांच्यामधली डेटा लिंक म्हणजे त्या सरावात माझे दोन पाय होते.

चिठ्ठी पोहोचली तरी काम संपायचं नाही. आमचं ठिकाण ग्रिडमध्ये, म्हणजे नकाशावरच्या चौकोनांच्या आकड्यांत, त्यांना हवं अक्षांश-रेखांशात. मध्ये एक हवालदार बसून हातानं रूपांतर करायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी वाळूचं वादळ, घामानं हात ओले. माझा इंग्रजी तीन त्याला आठ दिसला. विमानानं जो 'तळ' उडवला तिथं आमचीच कंपनी बसलेली होती. सराव होता, म्हणून कुणाच्या घरी तार गेली नाही. हाताला पांढरी पट्टी बांधलेला अंपायर आत आला आणि म्हणाला, "साब, आपने तो अपनी ही कंपनी साफ कर दी." सगळे हसले. मीही हसलो. रात्री झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या साहेबांना म्हणालो, तारेचं बंडल माझ्या खांद्यावर आहे, दहा मिनिटांत दोन्ही यंत्रं जोडून देतो, हवाईदलाचा सार्जंटपण तयार आहे. साहेब भले माणूस. त्यांनी विचारून पाहिलं. जोडायला एक परवानगी आमच्या बाजूची लागत होती, एक त्यांच्या बाजूची. कोडची यंत्रं वेगळी, सुरक्षेचे नियम वेगळे, आणि दोघांच्या वर बसून 'जोडा' म्हणू शकणारा माणूस त्या वाळवंटात कुणी नव्हता. सराव संपला, नियमाप्रमाणं चिठ्ठ्या जाळल्या. अहवालात काय लिहिलं गेलं ते मला माहीत नाही. पुढच्या सरावाला मी नव्या बुटात तीच अकरा पावलं चाललो.

तेव्हा ही अडचण नवी वाटली होती. निवृत्त झाल्यावर वाचत गेलो तसं कळलं की ती माझ्या जन्माच्याही आधीची आहे.

१ सप्टेंबर १९६५. छांबला पाकिस्तानचे रणगाडे घुसले. संरक्षणमंत्री आपले कराडचे यशवंतराव चव्हाण, जन्म देवराष्ट्र्याचा, जे आता सांगली जिल्ह्यात आहे. दुपारी लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि एअर मार्शल अर्जन सिंग त्यांच्याकडं गेले. चव्हाणसाहेबांनी होकार द्यायला वेळ घेतला नाही, आणि सूर्य मावळायच्या आत पठाणकोटहून विमानं उडाली. आमच्याकडं हा प्रसंग अभिमानानं सांगतात आणि सांगायलाच हवा. पण त्याचं दुसरं पान कुणी वाचत नाही. निर्णय काही मिनिटांत झाला, पण जमिनीवरचा जवान आणि वरचा पायलट यांच्यात धड बोलणं नव्हतं. त्या संध्याकाळी आपल्या विमानांचा मारा आपल्याच लोकांवर, रणगाड्यांवरही झाला. चार व्हॅम्पायर विमानं गेली ती वेगळीच.

७१ चा डिसेंबर तर याची दोन्ही टोकं दाखवतो. १४ डिसेंबरला सकाळी आपल्या वायरलेस ऐकणाऱ्यांनी एक संदेश पकडला: ढाक्यात दुपारी वरिष्ठांची बैठक आहे. काही तासांत गुवाहाटीहून मिग-२१ निघाली. ऐन वेळी निरोप आला की लक्ष्य सर्किट हाऊस नव्हे, गव्हर्नमेंट हाऊस. नेतृत्व करणाऱ्या विंग कमांडर बिश्नोईंकडं ढाक्याचा जो नकाशा होता तो पर्यटकांसाठी छापलेला. तरी त्यांनी ती इमारत गाठली, आणि हल्ला चालू असतानाच पूर्व पाकिस्तानचे गव्हर्नर मलिक यांनी राजीनामा लिहिला. कुणीतरी हेडसेट लावून ऐकलं, कुणीतरी लगेच विश्वास ठेवला, कुणीतरी लगेच उडालं. सिग्नलवाल्याला याहून मोठं पदक कोणतं?

आणि त्याच्या चारच दिवस आधी, १० डिसेंबरला, खुलन्याजवळ आपल्या बाजूनं लढणाऱ्या मुक्तिवाहिनीच्या 'पद्मा' आणि 'पलाश' या गनबोटी आपल्याच विमानांनी बुडवल्या. ओळख पटावी म्हणून बोटींचा वरचा भाग पिवळा रंगवलेला होता. देश तोच, युद्ध तेच, आठवडा तोच. ढाक्याला दुवा जुळला, खुलन्याला तुटला. आज आम्ही हार घालतो तेव्हा ढाक्याची आठवण काढतो. खुलन्याचीही काढावी असं माझं मत आहे.

कारगिलला पुन्हा तेच. मे १९९९ च्या सुरुवातीला घुसखोरी कळली, हवाईदलाचे हल्ले सुरू झाले २६ मेला. मधले दिवस हेलिकॉप्टर द्यायची की नाहीत, परवानगी कुणाची, यात गेले. मग के. सुब्रह्मण्यम यांची समिती झाली, २००१ ला मंत्रिगटाचा अहवाल आला, त्यात संरक्षण दलप्रमुख नेमा असं होतं. २०१६ ला लेफ्टनंट जनरल शेकटकर यांच्या समितीनंही तेच आणि थिएटर कमांडचं सांगितलं. संरक्षण दलप्रमुखाची खुर्ची प्रत्यक्षात १ जानेवारी २०२० ला भरली. मंत्रिगटाच्या अहवालापासून मोजलं तर जवळजवळ एकोणीस वर्षं. एवढ्यात माझी शिपाई ते नायब सुभेदार वाटचाल उरकली होती.

तुम्ही काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही, तो अन्याय होईल. पूर्वी संयुक्त ठिकाणी दुसऱ्या दलाच्या माणसानं गुन्हा केला तर त्याला मूळ दलाकडं परत पाठवावं लागायचं, कारण लष्कर, हवाईदल, नौदल तिघांचे कायदे वेगळे. २०२३ च्या आंतर-सेवा संस्था कायद्यानं ती गाठ सोडवली आणि १० मे २०२४ पासून तो लागू झाला. साधी गोष्ट वाटते, पण ज्याला शिस्त लावता येत नाही तो सेनापती कसला.

आणि या वर्षीचा मे महिना. माझा मुलगा एअर डिफेन्सला आहे. कुठं ते लिहीत नाही, लिहायचंच नसतं. ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर सुरू झालं आणि त्याचा फोन बंद झाला. घरात टीव्हीवर भोंगे वाजत होते. खरे कुठले, खोटे कुठले काही कळेना, शेवटी मी टीव्हीची पिनच काढली. त्याची आई देव्हाऱ्यासमोर फोन ठेवून बसायची. १० तारखेला संध्याकाळी शस्त्रसंधीची बातमी आली, त्यानंतर त्याचा फोन. "जेवलो," एवढंच म्हणाला. गणपतीला सुट्टीवर आला तेव्हा मी त्याला काही विचारलं नाही, त्यानंही काही सांगितलं नाही. फक्त माझी ती चिठ्ठीची गोष्ट पुन्हा निघाली तेव्हा हसला आणि म्हणाला, "पप्पा, आता चिठ्ठी नाय."

लष्कराची आकाशतीर आणि हवाईदलाची आयएसीसीएस या हवाई संरक्षणाच्या यंत्रणांबद्दल नंतर पेपरात आलं. रडारवर जे दिसतं ते एका चित्रात गोळा होतं, तोफवाल्याला आपलं विमान कुठलं आणि परकं कुठलं ते तिथंच कळतं. आकाशतीरचा करार मार्च २०२३ चा, १,९८२ कोटींचा, भारत इलेक्ट्रॉनिक्सशी. बनवणाऱ्यांना माझा कडक सॅल्यूट. माझ्या पोराच्या डोक्यावरचं आभाळ त्यांनी राखलं.

म्हणूनच माझी तक्रार आहे. आभाळापुरतं जमू शकतं हे तुम्हीच दाखवलंत. मग बाकीचं का अडलंय?

पहिली तक्रार खरेदीची. प्रत्येक दल आपापली यंत्रणा घेतं, आपापल्या गरजेनुसार, आपापल्या कोडवर, आणि जोडायचं नंतर बघू म्हणतं. तोफखान्याची 'शक्ती' वेगळी, टेहळणीची 'संजय' वेगळी (ती २,४०२ कोटींची, जानेवारीत हिरवा झेंडा मिळाला), हवाईदलाचं नेटवर्क वेगळं, नौदलाचं वेगळं. लष्कराचा बॅटलफील्ड मॅनेजमेंट सिस्टीमचा प्रकल्प तर वर्षानुवर्षं चालून गुंडाळला गेला. नंतर जोडणं म्हणजे काय हे आम्हाला विचारा. घर बांधून झाल्यावर नळाची पाइप टाकायला भिंत फोडायची, असलं काम असतं ते.

दुसरी तक्रार चालवणाऱ्यांची. ही यंत्रं रात्री तीनला, उणे तापमानात, हातमोजे घालून चालवतो तो शिपाई, नाईक, हवालदार. चाचणीच्या वेळी कुठं असतो तो? खुर्च्या लावत असतो. मी एका चाचणीला हजर होतो. यंत्राचं बटण हातमोज्यात दाबलं जात नव्हतं. आमच्या नाईकानं ते पहिल्या मिनिटात ओळखलं, पण त्याला कुणी विचारलंच नाही, आणि न विचारता बोलायची आपल्याकडं रीत नाही. पुस्तिका इंग्रजीत, जाडजूड. दहावी-बारावी झालेलं खेड्यातलं पोरगं हुशार असतं साहेब, भाषा कळली तर ते यंत्राचा बाप होतं. पण 'एरर'च्या खाली काय लिहिलंय ते वाचायला त्याला शेजारच्याला उठवावं लागतं.

तिसरी, आणि ही लिहिताना मला वाईट वाटतंय. आमच्या शेजारचा मुलगा अग्निवीर म्हणून सिग्नल्समध्ये गेलाय. चार वर्षं, आणि त्यातले पंचवीस टक्केच पुढं राहणार. रेडिओवरचा आवाज खरखरीत ऐकून हा कोण बोलतोय, घाबरलाय की थकलाय, हे ओळखायला मला सहा-सात वर्षं लागली होती. ती कला कुठल्याच पुस्तिकेत नाही. या यंत्रांवर ज्यांना तुम्ही तयार कराल, त्यांतले बहुतेक जण तयार झाल्या दिवशीच घरी येणार. मग साताऱ्याच्या एमआयडीसीच्या गेटवर शिट्टी घेऊन उभे राहतील. मुलाचं नुकसान आहेच, पण फौजेचं जास्त आहे.

चौथी थोडक्यात: सगळं स्क्रीनवर गेलं की स्क्रीन बंद पाडणारा शत्रूही येतो. उपग्रह आणि रेडिओ जाम झाले तर तार ओढणारे हात अजून शिल्लक आहेत का, हे जरा मोजून घ्या.

पाचवी वेगाबद्दल. 'जलद निर्णय, जलद निर्णय' असं हल्ली प्रत्येक भाषणात असतं. २७ फेब्रुवारी २०१९ ला काश्मिरात बडगामला आपल्याच क्षेपणास्त्रानं आपलंच एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडलं. हवाईदलाचे सहा जण गेले, खाली उभा असलेला एक नागरिक गेला. गेलेल्यांत आपल्या नाशिकचा एक पायलट होता. चौकशी झाली, हवाईदलप्रमुखांनी ती आपली मोठी चूक असल्याचं उघड कबूल केलं. ते कबूल करायला धैर्य लागतं. पण तिथं वेग कमी पडला नव्हता, ओळख कमी पडली होती. आता त्या ओळखीचं काम कृत्रिम बुद्धिमत्तेकडं द्यायचं म्हणताय. द्या. पण ट्रिगरवर बोट ठेवणारा माणूस कोण, त्याचं नाव, हुद्दा आणि 'थांब' म्हणायचा त्याचा अधिकार आधी कागदावर आणा.

हवाईदलाची बाजूही मला मांडू द्या, मी लष्करी असलो तरी. मंजूर स्क्वाड्रन, म्हणजे लढाऊ विमानांच्या तुकड्या, ४२. सप्टेंबरात मिग-२१ निवृत्त झाल्यावर हातात तिसाच्या आत राहिलेत. ती तीन-चार थिएटरांत वाटून टाकली तर पश्चिमेकडची विमानं गरज पडली की पूर्वेला न्यायला पुन्हा परवानग्या. विमान तासाभरात देशाच्या या टोकाहून त्या टोकाकडं निघू शकतं, त्याला एका गोठ्यात बांधून ठेवायचं का, हा त्यांचा सवाल बिनबुडाचा नाही. पण त्याचं उत्तर काय ते ठरवा आणि सांगा. हवाईदल पूर्ण वाटून न देता काही ताफा वर राखीव ठेवा, किंवा त्यांनी सुचवलेलं केंद्र खरोखर उभं करा. दोन्ही नाही आणि चर्चा चालू, हे मात्र सगळ्यांत वाईट. तंबूत असंच झालं होतं. दोघांचं म्हणणं बरोबर होतं आणि मी चालत होतो.

इथून प्रतापगड काही लांब नाही. १० नोव्हेंबर १६५९ ला गडावरून इशारतीची तोफ झाली आणि जावळीच्या रानात ठिकठिकाणी दबा धरून बसलेल्या टोळ्या एकाच वेळी उठल्या. आम्हाला शाळेत तोफेचं शौर्य सांगितलं. सिग्नलवाला झाल्यावर मला त्यातली खरी कारागिरी कळली. तोफ काय सांगते? काहीच नाही, नुसता आवाज. तो ऐकून कुणी कुठं जायचं, कुणी कुठली वाट अडवायची, हे आधीच ठरलेलं होतं आणि प्रत्येकाला आपला अधिकार माहीत होता. कुणी गडावर माणूस पाठवून 'निघू का' असं विचारलं नाही. तुमच्या हजारो कोटींच्या यंत्रणेला मी रोज हाच प्रश्न विचारतो: तोफ झाल्यावर कोण कुणाला विचारणार आहे?

हे फक्त युद्धापुरतं नाही, हे मला २०१९ च्या ऑगस्टात कळलं. सांगलीचा महापूर. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. माझी बहीण पलूस तालुक्यात कृष्णाकाठी दिलेली. मी पोहोचलो तेव्हा गावाच्या शाळेच्या गच्चीवर माणसं, शेळ्या, धान्याची पोती एकत्र. मदतीला निरनिराळी पथकं आली होती, सगळे जीव तोडून काम करत होते, त्यांच्याबद्दल एक शब्द वावगा काढणार नाही. पण एका पथकाकडं बोट होती आणि गावाचा नकाशा नव्हता. दुसऱ्याकडं अडकलेल्यांची यादी होती आणि बोट नव्हती. दोघांचे वॉकीटॉकी वेगळे, एकमेकांना ऐकू जायचे नाहीत. मग मी डाव्या हातात एकाचा सेट, उजव्या हातात दुसऱ्याचा, असा गच्चीवर दिवसभर उभा राहिलो. "मारुतीच्या देवळामागं बाळंतीण आहे" हे डाव्या कानानं ऐकायचं आणि उजव्या हातात बोलायचं. भाचा म्हणाला, "मामा, तू रिटायर झालाच नाहीस." बाळंतीण सुखरूप निघाली. तिची ती तान्ही मुलगी आता सहा वर्षांची आहे आणि मला 'वॉकीवाले आजोबा' म्हणते, ते जाऊ दे.

मागण्या लांबण लावून लिहीत नाही.

पहिली थिएटर कमांड कुठली आणि कधी, याची तारीख जाहीर करा. ती जमणार नसेल तर तेही सांगा आणि तिच्या जागी काय येणार, कुणाच्या हुकमाखाली, त्याची तारीख द्या.

यापुढं कुठल्याही एका दलानं कमांड-कंट्रोलची यंत्रणा घेताना ती उरलेल्या दोघांशी बोलते हे मैदानात दाखवल्याशिवाय पैसे सोडू नका. ठिकाण लिहायची पद्धत एक, वेळ एक, खुणा एक. ग्रिडचं अक्षांशात हातानं रूपांतर करणारा तो हवालदार यापुढं कुठल्याच तंबूत दिसू नये.

प्रत्येक चाचणीत तिन्ही दलांचे किमान काही ऑपरेटर असावेत, शिपाई ते सुभेदार, आणि 'हे चालणार नाही' असा त्यांचा शेरा लेखी घेतला जावा. साहेब दोन-तीन वर्षांत बदलून जातात, यंत्रापाशी हेच राहतात. पुस्तिका हिंदीत आणि प्रादेशिक भाषांत काढा. मराठीत करायला माणसं मिळत नसतील तर आमच्या तालुक्यात चहाच्या बोलीवर दहा निवृत्त सिग्नलवाले बसवून देतो.

तांत्रिक ट्रेडमधले अग्निवीर पंचवीस टक्क्यांच्या मापानं मोजू नका. पहिली तुकडी बाहेर पडायला फार वेळ उरलेला नाही, निर्णय त्याच्या आत हवा.

दर मोठ्या सरावात एक पूर्ण दिवस सगळे स्क्रीन बंद ठेवून चालवा. आणि आपलाच मारा आपल्यावर झाला, मग तो सरावात का असेना, तर त्यातून काय शिकलो ते तिन्ही दलांच्या बराकीत वाचून दाखवा. माझ्या तीनाचा आठ झालेला प्रसंग वापरायचा असेल तर माझी हरकत नाही. नावासकट वापरा.

या पत्राची एक प्रत स्पीड पोस्टानं धाडतोय, दुसरी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात देऊन पोच घेतलीय. उत्तर तिथं आलं तरी मला मिळेल. इंग्रजीत आलं तरी चालेल, मुलगा सुट्टीवर आला की वाचून दाखवेल. म्हाताऱ्या हवालदारांना मी सांगितलंय की पुढच्या विजय दिवसाच्या आत निरोप येईल. ते चहा संपवत म्हणाले, "बघू. आपण काय, वाट बघायला तयारच असतो."

आपला,
एक निवृत्त नायब सुभेदार, कोर ऑफ सिग्नल्स
तालुका व जिल्हा सातारा